लडाख: परदेशी पाहुण्यांना घेऊन ऑगस्टमध्ये जायचं आहे, आराखडा तपासून हवा

कोथरूडची_वाट (प्रश्न)

नमस्कार मंडळी. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात तीन पाहुण्यांना घेऊन लडाखला जायचं ठरतंय. एक जर्मन दांपत्य आहे, ते ६१ वर्षांचे आणि त्या ५८ च्या. दोघांचा ई-टुरिस्ट व्हिसा आहे. तिसरा माझा भाचा, वय २६, जन्म पुण्याचा पण आता अमेरिकन नागरिक, ओसीआय कार्डवर (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळच्या भारतीयांना मिळणाऱ्या कार्डावर) येतो. चौथी मी, भारतीय पासपोर्टची.

सध्याचा आराखडा असा:
दिवस १: दिल्लीहून सकाळच्या विमानाने लेह, दुपारी बाजार आणि शांती स्तूप
दिवस २: खारदुंग ला (ला म्हणजे खिंड) ओलांडून नुब्रा खोऱ्यातलं हुंडर
दिवस ३: तुर्तुक बघून परत हुंडर
दिवस ४: श्योकमार्गे पँगाँग सरोवर, मुक्काम
दिवस ५: पँगाँगहून चुशूलमार्गे त्सो मोरीरी सरोवर, मुक्काम
दिवस ६: सरचू
दिवस ७: मनाली, तिथून दिल्ली आणि त्याच रात्रीचं फ्रँकफर्टचं विमान

विचारायचं ते हे: तिघांचे परवाने कसे काढायचे? ओसीआयवाल्याला परवाना लागतो का? उंचीच्या त्रासासाठी डायमॉक्सची गोळी घ्यावी का? फोन आणि पैशांचं काय? आणि दिवस पुरतील ना?

पासपोर्टची_पानं

ताई, आधी कागदपत्रांचं सांगतो. बाकीचं इतर जण सांगतीलच.

लेह शहर, शे, ठिकसे, हेमिस, अल्ची, लामायुरू, कारगिल आणि मनालीचा हमरस्ता एवढ्यासाठी परदेशी नागरिकांना वेगळा परवाना लागत नाही, पासपोर्ट आणि व्हिसा पुरतो. नुब्रा, पँगाँग, त्सो मोरीरी आणि दाह-हनू भागासाठी मात्र संरक्षित क्षेत्र परवाना लागतो. सगळे त्याला पीएपी म्हणतात. भारतीयांचा ऑनलाईन फॉर्म आणि शुल्काची पावती हा प्रकार वेगळा. तुमचा कागद वेगळा निघेल आणि पाहुण्यांचा वेगळा, म्हणून एकाच अर्जात चौघांची नावं भरू नका.

पीएपी लेहमधल्या नोंदणीकृत ट्रॅव्हल एजंटमार्फतच निघतो आणि किमान दोघांच्या गटाला मिळतो. तुमचे तिघे आहेत, म्हणजे गटाची अडचण नाही. भाच्यालाही तो लागेल. ओसीआय कार्डामुळे व्हिसा लागत नाही, पण संरक्षित क्षेत्राच्या बाबतीत तो परदेशी नागरिकच धरला जातो. नाव आणि चेहरा मराठी असल्यामुळे ड्रायव्हर त्याला भारतीयांच्या यादीत टाकतो आणि नाक्यावर अमेरिकन पासपोर्ट निघाला की सगळी गाडी थांबते. ही चूक वारंवार होते.

एजंटला आधीच पाठवून ठेवायचं: पासपोर्टचं फोटोचं पान, व्हिसा किंवा ई-व्हिसाची मंजुरी, आणि भारतात उतरल्यावर बसलेल्या शिक्क्याचा फोटो. भाच्याच्या बाबतीत ओसीआय कार्डाच्या दोन्ही बाजू. नाव पासपोर्टवर आहे तसंच हवं, मधलं नावसुद्धा गाळायचं नाही. साधारण एका कामाच्या दिवसात परवाना हातात येतो. पण १५ ऑगस्ट किंवा रविवार मध्ये येत असेल तर एक दिवस जास्तीचा धरा.

परवाना हातात आला की तिथेच उभं राहून वाचा. त्यावर ठिकाणांची नावं लिहिलेली असतात आणि नाक्यावरचा जवान तेवढीच बघतो. "नुब्रा" लिहिलंय म्हणून तुर्तुक चालेल असं धरू नका, तुर्तुक स्वतंत्र लिहून घ्या. श्योकमार्गे जाणार असाल तर अगम–श्योक–दुर्बुक हा रस्ताही लिहून घ्या. तुमच्या पाचव्या दिवसाचा चुशूलचा रस्ता तर यादीतून काढाच. तो सीमेला चिकटून जातो. भारतीयांच्या प्रवासवर्णनात तो सर्रास दिसतो, पण परदेशी पासपोर्टवर तो गृहीत धरता येत नाही.

परवान्याच्या ८-१० झेरॉक्स लेहमध्येच काढा. प्रत्येक नाक्यावर एक प्रत ठेवून घेतात. खारदुंग लाच्या अलीकडे साउथ पुल्लूला पहिली जाते, पुढे खालसर आणि तांगत्सेसारख्या ठिकाणी आणखी. शेवटच्या नाक्यावर प्रत संपली तर जवळपास झेरॉक्सचं दुकान नसतं.

आणखी एक, पाकिस्तान, चीन किंवा अफगाणिस्तानचे नागरिक किंवा मूळचे तिथले असतील तर एजंटच्या पातळीवर हे होत नाही, गृह मंत्रालयाची पूर्वपरवानगी लागते. तुमच्या पाहुण्यांना हे लागू नाही, पण पुढे वाचणाऱ्यांसाठी लिहून ठेवतो.

हॉटेल असो की होमस्टे, परदेशी पाहुण्याचा सी-फॉर्म, म्हणजे तो मुक्कामाला असल्याची सरकारला द्यायची माहिती, २४ तासांत भरणं मालकावर बंधनकारक आहे. बुकिंग करतानाच "परदेशी पाहुणे घेता ना?" असं स्पष्ट विचारा. सगळीच लहान घरं घेत नाहीत.

वैद्य_हिमरेषा

परवान्यापेक्षा मला तुमच्या दुसऱ्या दिवसाची काळजी वाटते.

दिल्ली समुद्रसपाटीपासून सुमारे २२० मीटरवर आहे, लेह ३५०० वर. विमान हे अंतर सव्वा तासात कापतं. लेहमध्ये हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम ६५ टक्के असतो आणि खारदुंग लावर (५३५९ मीटर) जवळपास निम्मा. शरीर याला सरावतं, पण त्याला रात्री लागतात. विमानाने येणाऱ्यांनी लेहमध्ये किमान ४८ तास विश्रांती घ्यावी असं लडाख प्रशासनच सांगतं. तुमच्या आराखड्यात २४ तासही नाहीत.

३००० मीटरच्या वर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, हा नियम. दिवसा कितीवर चढलात यापेक्षा रात्री कुठे झोपलात हे महत्त्वाचं.

लडाखमध्ये एक गोष्ट वेगळी आहे. इतर डोंगरांत त्रास झाला की "खाली उतरा" म्हणतात. नुब्रातलं दिस्कित लेहपेक्षा खाली आहे, सुमारे ३१४० मीटर. पण तिथून लेहच्या हॉस्पिटलकडे यायचं तर वाट खारदुंग लावरून. पँगाँग ४२५० वर, आणि तिथून लेहला यायचं तर चांग ला, ५३६० मीटर. म्हणजे आजारी माणसाला हॉस्पिटलला न्यायचं तर आधी हजार ते दोन हजार मीटर वर न्यावं लागतं. म्हणून इथे सगळं आधी ठरवावं लागतं. पँगाँगच्या काठावर रात्री दोन वाजता ठरवायला फारसं काही हातात उरत नाही.

ओळखायचं कसं: डोकेदुखी, मळमळ, भूक न लागणं, गळून जाणं हा साधा त्रास. पहिल्या रात्री बऱ्याच जणांना होतो. तिथेच थांबायचं, वर जायचं नाही, पाणी आणि साधी पॅरासिटामॉल घ्यायची. बहुतेकदा एक-दोन दिवसांत उतरतो. पुढच्या दोन गोष्टी मात्र वेगळ्या. बसल्या जागी धाप लागणं, कोरडा खोकला, आडवं पडता न येणं, पुढे गुलाबी फेसाळ थुंकी: फुप्फुसात पाणी होतंय. आणि बोलण्यात गोंधळ, चालताना तोल जाणं: मेंदूला सूज. तोल तपासायची सोपी पद्धत म्हणजे फरशीच्या रेषेवर टाचेला पंजा लावत दहा पावलं चालायला सांगा. सोबतचे सगळे सहज चालतात आणि एकालाच बाजूला पाय टाकावा लागतो, तर त्याला ऑक्सिजन लावून लगेच हॉस्पिटल. सकाळपर्यंत थांबायचं नाही. लेहमधल्या सोनम नुरबू मेमोरियल हॉस्पिटलला अशा रुग्णांचा रोजचा सराव आहे.

रक्तातला ऑक्सिजन टक्क्यांत दाखवणारं, बोटाला लावायचं ऑक्सिमीटर जरूर न्या, पण आकड्याच्या मागे लागू नका. पहिल्या दिवशी लेहमध्ये ८५ ते ९० दिसणं नेहमीचं आहे. गार बोटावर तो भलतंच दाखवतो, आधी हात चोळून गरम करा, नेलपॉलिश पुसा. चौघांचे आकडे शेजारी लिहा. तिघांचे ८७ आणि एकाचा ७२ असेल, त्याला धापही असेल, तर तो आकडा खरा.

डायमॉक्स, म्हणजे अ‍ॅसिटाझोलामाइड: प्रतिबंधासाठी नेहमीचा डोस १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढायच्या आदल्या दिवसापासून पुढे लेहमध्ये दोन दिवस. थेट विमानाने येणाऱ्यांना ती उपयोगी पडते. बोटांना मुंग्या येतात, लघवी वाढते, सोडा आणि बिअर बेचव लागते. हे अपेक्षित आहे. पण गोळी म्हणजे घाईचा परवाना नव्हे. दोघं पाहुणे साठीच्या आसपास आहेत, तेव्हा त्यांची नेहमीची औषधं आणि अ‍ॅलर्जी काय ते कळवा.

पहिले दोन दिवस दारू आणि झोपेची गोळी पूर्ण बंद. रात्री शेजारचा माणूस दहा सेकंद श्वास थांबवून मग खोल श्वास घेताना दिसला तर घाबरू नका, या उंचीवर झोपेत तसं होतं. पाणी दिवसाला तीनेक लिटर, लघवीचा रंग फिकट राहील इतकं. सहा-सहा लिटर पाणी नुसतं ढोसू नका, रक्तातलं मीठ पातळ होऊन वेगळाच घोळ होतो. गरम थुक्पा (शेवयांचं सूप) आणि मिठाचा गुरगुर चहा पोटाला चांगला.

कोथरूडची_वाट

बापरे, बरं झालं विचारलं. काकांना, म्हणजे त्या जर्मन पाहुण्यांना, रक्तदाबाची गोळी चालू आहे, त्यात हायड्रोक्लोरोथायझाइड आहे. मावशींना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, को-ट्रायमॉक्सॅझोल या प्रतिजैविकाने अंगभर पुरळ आलं होतं, म्हणजे सल्फाची अ‍ॅलर्जी. आता?

वैद्य_हिमरेषा

दोघांनीही जर्मनीतल्या आपल्या डॉक्टरांना निघण्याच्या ३-४ आठवडे आधी भेटायचं. इथून विमानतळावर घेतलेली गोळी नको.

काका: हायड्रोक्लोरोथायझाइडही लघवीवाटे पोटॅशियम घालवतं आणि डायमॉक्सही. दोन्ही एकत्र म्हटलं की पोटॅशियम तपासायचं आणि डोस डॉक्टरांनी ठरवायचा. रक्तदाबाची गोळी स्वतःहून बंद करायची नाही. उंचीवर पहिले काही दिवस दाब उलट थोडा वाढतो.

मावशी: डायमॉक्स त्याच रासायनिक कुळातली, पण प्रतिजैविक नाही. सल्फा प्रतिजैविकाने साधं पुरळ आलेल्यांना ती बऱ्याचदा चालते, पण घरीच, डॉक्टरांच्या नजरेखाली चाचणीचा डोस घेऊन. पुरळासोबत श्वास अडकला असेल, तोंड सुजलं असेल किंवा कातडी सोलली असेल, तर घ्यायचीच नाही. मग मार्ग हळू ठेवायचा. तसा तो सगळ्यांसाठीच हळू ठेवा.

घाट_आणि_चाकं

आता मार्ग. वरचं सगळं धरून मी असा लावेन. सात दिवसांत बसत नाही, दहा रात्री हव्यात.

रात्र १ आणि २: विमानतळावरून बाहेर पडून थेट अल्ची. साधारण ६५ किलोमीटर, दोन तास. अल्ची ३१०० मीटरच्या आसपास आहे, म्हणजे लेहपेक्षा चारशे मीटर खाली, आणि परवाना लागत नाही. पहिल्या दोन रात्री एवढ्या खाली झोपायला मिळणं हा मोठा फायदा आहे. लोक हे करत नाहीत कारण हॉटेल लेहमध्ये ठरलेलं असतं. पहिला दिवस नुसता झोपायचा. दुसऱ्या दिवशी अल्चीचा जुना गोंपा (बौद्ध मठ), तिथल्या भिंतींवरची चित्रं बघा. चाल सगळी सपाट आहे. तोवर एजंट लेहमध्ये परवान्याचं काम करतो.

रात्र ३ आणि ४: लेह. शे, ठिकसे, हळूहळू बाजार. परवाना हातात, झेरॉक्स काढून.

रात्र ५ आणि ६: हुंडर किंवा दिस्कित, लेहपासून सव्वाशे किलोमीटर. खारदुंग लावर १५-२० मिनिटांपेक्षा जास्त थांबू नका. फोटो काढायचा, एकदा फिरायचं, गाडीत बसायचं. पाटीवर १८३८० फूट लिहिलंय, प्रत्यक्षात उंची त्याहून कमी, सुमारे १७५८० फूट, पण शरीराला तेवढीही पुरते. सहाव्या दिवशी तुर्तुक, जाऊन-येऊन.

रात्र ७: श्योकमार्गे तांगत्से. पँगाँगच्या काठावर झोपू नका, तांगत्सेत झोपा. ते ३९५० मीटरच्या आसपास आहे, लेहच्या सवयीपेक्षा साडेचारशेच वर, आणि तिथे प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. काठावरचे तंबू ४२५० वर आहेत. ऑगस्टमध्येही रात्री पाच अंशांच्या आसपास, वर वारा. साठीच्या माणसांना तिथल्या रात्रीत झोप लागत नाही.

दिवस ८: पहाटे पँगाँग, सकाळचं निळं पाणी बघून चांग लावरून लेह. रात्र ८ आणि ९ लेह. दहाव्या दिवशी सकाळचं विमान, दहावी रात्र दिल्लीत.

त्सो मोरीरी या वेळी सोडा. ४५२० मीटरवर झोपायचं आणि चुशूलचा रस्ता मिळणार नाही, म्हणजे लेहकडे येऊन पुन्हा जायचं. मनालीही सोडा. सरचू ४२९० मीटर, आणि त्याच्या आधी लाचुलुंग ला ५०६५. ऑगस्टमध्ये हिमाचलच्या बाजूला दरडी कोसळतात, रस्ता दिवस-दिवस बंद राहतो. त्याच रात्रीच्या फ्रँकफर्टच्या विमानाशी हे जुळवणं धोक्याचं.

श्योकच्या रस्त्याबद्दल. ऑगस्टमध्ये दुपारनंतर वरचा बर्फ वितळून ओढे फुगतात आणि रस्त्यावरून वाहतात. सकाळी सातच्या आत हुंडर सोडा म्हणजे पाणी चढायच्या आत दुर्बुकला पोचता. लेहमध्ये ऑगस्ट २०१० मध्ये ढगफुटीने मोठा विध्वंस झाला होता. तेव्हा नाल्याच्या तोंडाशी लावलेला तंबू किंवा कॅम्प, कितीही देखणा असो, नको.

गाडी लेहचीच घ्या. बाहेरच्या भाड्याच्या गाडीने तिथे फिरू देत नाहीत. टॅक्सी संघटनेचे दर छापील असतात, तक्ता मागा. तुम्ही चौघं म्हणजे एक इनोव्हा पुरे.

ऑक्सिजनचं गणित मात्र स्वतः करा. दुकानात मिळणारा डबा काही लिटरचा असतो, मिनिटांत संपतो, त्यावर भरवसा नको. सिलिंडर भाड्याने घ्यायचा. त्याची पाण्याची क्षमता गुणिले मीटरवरचा दाब, एवढे लिटर वायू. २ लिटरचा सिलिंडर १५० बारला (बार हे दाबाचं एकक) भरलेला असेल तर ३०० लिटर. मिनिटाला २ लिटरने अडीच तास. पँगाँग ते लेह पाच तास लागतात. म्हणजे तो अर्ध्या वाटेत, नेमका चांग लाच्या आसपास संपेल. १० लिटरचा असेल तर १५०० लिटर, साडेबारा तास. हा घ्या. गाडी निघायच्या आधी ड्रायव्हरसमोर झडप उघडून बघा: मीटरचा काटा हलतो का, मास्क आहे का, झडपेची किल्ली सोबत आहे का. सिलिंडर असतो आणि किल्ली हॉटेलात राहते, असं होतं.

पासपोर्टची_पानं

फोन आणि पैशांचं राहिलंच होतं.

लडाखमध्ये बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम चालत नाही, पोस्टपेडच चालतं. पाहुण्यांनी दिल्लीत पर्यटक म्हणून घेतलेलं प्रीपेड सिम लेहमध्ये उतरल्यावर मुकं होतं. तुमचं पोस्टपेड हेच चौघांचं संपर्काचं साधन धरा. नुब्रा-पँगाँगकडे बीएसएनएलचं पोस्टपेड सोबत असेल तर उत्तम.

सगळ्यात गंभीर गोष्ट: पाहुणे ट्रेकिंगची सवय असलेले असतील तर गार्मिन इनरीचसारखं उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र बॅगेत असतं. युरोपात ते सुरक्षेसाठी नेतात. भारतात परवानगीशिवाय उपग्रह फोन किंवा असं यंत्र बाळगणं बेकायदा आहे, विमानतळावर परदेशी लोकांना त्यावरून ताब्यात घेतलं गेलं आहे. ड्रोनही नको. दोन्ही घरीच ठेवायला आजच सांगा.

रोख लेहमध्येच काढा, परदेशी कार्ड चालणारी एटीएम तिथे आहेत. पुढे दिस्कितच्या एटीएमवर विसंबू नका. यूपीआय नेटवर्क असेल तिथेच. चार दिवसांच्या फेरीचं जेवण, चहा, होमस्टे आणि ड्रायव्हरचे उरलेले पैसे, एवढी रोख जवळ ठेवा, शंभर-दोनशेच्या नोटांत.

विमा काढताना पाहुण्यांना त्यातलं बारीक अक्षर वाचायला सांगा. पुष्कळ पॉलिसी ३००० किंवा ४००० मीटरच्या वरचं काही भरून देत नाहीत. ५५०० मीटरपर्यंतचं लेखी हवं.

कोथरूडची_वाट

खूप खूप आभार सगळ्यांचे. दहा रात्रींचाच आराखडा धरते, त्सो मोरीरी काढला. शेवटचं एकच. दिल्लीत एक रात्र पुरेल का? आणि लसी वगैरे?

घाट_आणि_चाकं

लेहची बहुतेक विमानं सकाळी उडतात. दुपारी वारा वाढतो आणि तापलेली विरळ हवा विमानाला नीट उचलत नाही. सकाळी ढग किंवा धूळ असेल तर त्या दिवसाचं विमान गेलंच, आणि दुसऱ्या दिवशीची आधीच भरलेली असतात. म्हणून फ्रँकफर्टच्या आधी दिल्लीत दोन रात्री मोकळ्या ठेवा, आणि दोन्ही तिकिटं वेगळी असतील तर नक्कीच. देशांतर्गत सामानाची मर्यादा बहुतेक भाड्यांत १५ किलो असते, पाहुणे २३ किलोची बॅग घेऊन येतील. जास्तीचं सामान दिल्लीच्या हॉटेलात ठेवून जा.

वैद्य_हिमरेषा

लेह आणि पँगाँगच्या आसपास भटक्या कुत्र्यांच्या टोळ्या आहेत. रात्री पायी फिरू नका. रेबीजची पूर्वप्रतिबंधक लस पाहुण्यांनी तिकडेच घेतलेली बरी, डायमॉक्ससाठी डॉक्टरांकडे जातील तेव्हाच विचारायला सांगा. तरी कुत्रा चावलाच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी हॉस्पिटल. लस आधी घेतलेली असली तरी पुढचे डोस लागतातच.